फोनला अमावास्येची सुट्टी

जयाबाई माझ्या शेजारी राहते, म्हणजे नेमकं सांगायचं तर माझ्या भिंतीत राहते. आमच्या दोन घरांना मिळून एकच भिंत. तिकडे तिच्या भावाचे, यमनाप्पांचे, यंत्रमाग आणि इकडे माझं स्वयंपाकघर. वडगावात याचं कुणाला नवल नाही. इथल्या निम्म्या घरांत माग असतात आणि उरलेल्या निम्म्यांत त्यांचा आवाज असतो. मागाची मला इतकी सवय झाली आहे की तो बंद पडला तर माझ्या हातातलं लाटणं थांबतं. सवय झाली नाही ती जयाबाईची.

जयाबाईचा आवाज हे मागाचंच उत्पादन आहे. चार माग धडधडत असताना या टोकाकडून त्या टोकाला ‘कांडी संपली’, म्हणजे सुताची गुंडाळी संपली, म्हणून सांगायचं तर साध्या माणसाचा घसा पुरत नाही. ती लहानपणापासून तिथंच वाढली, त्यामुळे बोलणं म्हणजे एवढ्या आवाजातच करायची गोष्ट असा तिचा समज झाला. देवाला नमस्कार करताना ती जे मागते ते मला भाजी परतताना ऐकू येतं. मी ते कुणाला सांगत नाही, पण सांगायची गरजही नसते.

तिला निपाणीला दिली होती. घर विड्या वळणाऱ्यांचं. दिवसभर मांडी घालून सूप पुढ्यात घ्यायचं आणि मान खाली घालून विड्या वळायच्या, बोललं तर कुजबुजत. पहिल्या दिवाळीला माहेरी आली ती परत गेली नाही. नवरा न्यायला आला तेव्हा ती मागाच्या दारातूनच त्याच्याशी बोलली. काय बोलली ते गल्लीतल्या सगळ्यांना पाठ आहे. तो बिचारा चहा न घेता कोल्हापूरच्या गाडीनं निपाणीला उतरला, आणि त्यानंतर त्या विषयावर दोन्हीकडून कुणी बोललं नाही.

तेव्हापासून ती भावाकडे. भावजय स्वभावानं गरीब, मागापुढे तिचा आवाज निघतच नाही. म्हणून घरात हाका मारायचं खातं जयाबाईकडं आलं, आणि त्यातल्या नव्वद टक्के हाका एकाच माणसाच्या नावानं असत: नीलम, तिची भाची.

नीलम दहावीत, माझ्याच वर्गात. मी विज्ञान शिकवते आणि त्या वर्गाची वर्गशिक्षिकाही आहे, त्यामुळे घरी भिंतीपलीकडून ‘नीले’ आणि शाळेत माझ्याच तोंडून ‘नीलम’ असा माझा दिवस जातो. पोरगी एकदा ऐकलेलं विसरायची नाही. पण पुस्तक पुढ्यात आलं की अक्षरं तिच्याशी खेळायला लागत, आणि दप्तर तर तिचं नव्हतंच, कुणा भलत्याच मुलीचं असावं असं वाटे. गणिताच्या तासाला भूगोल निघायचा, कानडीच्या तासाला हिंदी. गृहपाठ केलेला असायचा, पण तो घरी मागाच्या फळीवर असायचा.

यावर तिनं एक कला कमावली होती. थापा मारायची. गणिताची वही मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याखाली सापडून फाटली. कानडीच्या निबंधावर आजोबा बसले आणि उठेनात. भूगोलाचं पुस्तक रानातल्या कणकुंबीच्या मामानं नेलं, त्याला झाडांची नावं बघायची होती. मी विचारलं, कणकुंबीत झाडं काय कमी आहेत? ती अगदी गंभीरपणे म्हणाली, “झाडं हायत टीचर, नावं न्हाईत.” अशा पोरीवर रागवायचं तरी कसं? मी वर्गाकडे पाठ करून फळा पुसत राहायची.

आमचे मुख्याध्यापक परशराम सर मात्र हसत नसत. त्यांच्या केबिनबाहेर निकालाचा फलक आहे आणि त्यावर सलग शंभर टक्के लिहिलेले आहेत. दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्यांनी यमनाप्पांना बोलावलं आणि सांगितलं की बोर्डाकडे नावं पाठवायची वेळ जवळ आली आहे. ही मुलगी दप्तरसुद्धा नीट आणत नाही, हिनं शाळेतर्फे न बसता बाहेरून बसावं. बाहेरून बसणं म्हणजे काय ते यमनाप्पांच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरून बसणारी मुलगी आत कांड्या भरायच्या मशीनवर बसते आणि मग परीक्षेलाही बसत नाही. मी मध्ये पडले. बराच वाद घातल्यावर सर एवढ्यावर आले: नावं जाईपर्यंत तिनं स्वतः, कुणी आणून न देता, रोज बरोबर पुस्तकं, पुरा गृहपाठ आणि कामाच्या फायली आणायच्या. शेवटच्या आठवड्यात ते न सांगता एक दिवस दप्तर बघणार. सगळं असलं तर नाव शाळेतून जाईल, नसलं तर नाही.

त्याच सुमाराला तालुक्याहून प्रियदर्शनी टीचर आल्या. अध्ययनात अडचण असलेल्या मुलांसाठी त्या गावोगावच्या शाळा फिरतात. आमच्या शाळेत त्यांना अशी पाच मुलं मिळाली, त्यांत नीलम पहिली. यमनाप्पांनी घाबरत घाबरत विचारलं, पोरीचं डोकं कमी हाय काय? त्या म्हणाल्या, डोकं ठणठणीत आहे, याला डिस्लेक्सिया म्हणतात. वाचणं आणि वस्तू जागच्या जागी, वेळच्या वेळी ठेवणं हे तिला इतरांसारखं आपोआप जमत नाही, त्याला बाहेरून टेकू लागतो. शेजारी बसलेल्या जयाबाईनं हे सगळं ऐकून निकाल दिला, “म्हंजे तिनं कानानं वाचायचं.” प्रियदर्शनी टीचर म्हणाल्या, अगदी तसंच.

टेकू म्हणजे यमनाप्पांचा जुना फोन. टीचरनी त्यात सगळं भरून दिलं. पुस्तकाच्या पानाचा फोटो काढला की फोन ते वाचून दाखवणार. वेळापत्रक शब्दांत नाही, चित्रांत. प्रत्येक विषयाला एक रंग. फळ्यावरचं उतरवून घेताना मागं पडलं तर फळ्याचा फोटो. आणि दिवसभर वेळेवर आठवण: आता दप्तर भर, आता गृहपाठ दे, आता अभ्यासाला बस. परशराम सरांनी नाइलाजानं परवानगी दिली. फोन एरवी दप्तरातच राहील, फळ्याच्या फोटोपुरता बाहेर येईल आणि फक्त तासाच्या घंटेला एका कानात वायर घालायची, एवढ्या बोलीवर.

पहिला आठवडा फुकट गेला. फोनमधली बाई फारच सभ्य होती. सकाळी ती म्हणायची, “कृपया आपले दप्तर तपासा.” एक तर मागापुढं तिचं कुणाला ऐकूच जायचं नाही. आणि ऐकू गेलं असतं तरी त्या घरात ‘कृपया’ म्हटल्यावर आजवर कुणी जागचं हललेलं नव्हतं. नीलम फोन उशाखाली ढकलून द्यायची. जयाबाईला तर त्या बाईचा रागच आला. “कोण गं ही? पोटात दुखतंय काय हिच्या? जरा तोंड उगडून बोल की.”

प्रियदर्शनी टीचर पुढच्या खेपेला आल्या तेव्हा हे त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, त्यात काय, आठवणी घरच्याच माणसाच्या आवाजात भरता येतात. मी घाईघाईनं भावजयीचं नाव सुचवलं. कुणी ऐकलं नाही.

रेकॉर्डिंग गच्चीवर झालं, कारण खाली माग चालू होते. मी साक्षीला होते. सकाळच्या आठवणी जयाबाईनं तिच्या मानानं बेतानंच सांगितल्या, कारण त्या घरात वाजायच्या होत्या. पण शाळेत वाजायच्या आठवणी आल्या तशी तिनं पदर खोचला, शाळेच्या दिशेला तोंड केलं आणि पोटातून आवाज काढला. शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. प्रियदर्शनी टीचर फोन धरून मागं सरकत सरकत कठड्याला टेकल्या. त्यांनी समजावलं की एवढं ओरडायचं कारण नाही, फोन नीलमजवळच असणार. जयाबाई म्हणाली, “फोन जवळ असंल, पण शाळा लांब हाय की.” आवाज कमी करायची सोय फोनमध्ये असते म्हणून टीचरनी ती केली, पण जयाबाईचा आवाज कमी केला तरी कमी होत नाही, हे त्यांना अजून माहीत नव्हतं.

ते आम्हाला दोनच दिवसांत कळलं. माझाच तास होता. घंटा झाली, मी वर्गात शिरले, आणि नीलमच्या कानातल्या वायरीची पिन दप्तरातच निसटली. भिंती थरथरल्या. “नीले, भवाने, गृहपाठ दिलास काय? दे आदी, मग बूड टेक!” मग बाकांवरून मुलं उठायला लागली. नीलम उठली ते ठीकच, पण तिच्यामागं आणखी वीसेक उठली. महिनाभर ज्यांच्या वह्या माझ्या दृष्टीला पडल्या नव्हत्या ते गडी रांगेत उभे राहून वही देऊन गेले. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा खुर्चीत बसता बसता उभी राहिले. शिपाई मष्णू दारातून डोकावून गेला आणि परशराम सर कॉरिडॉरमधून विचारत आले, जयाबाई शाळेत आल्या आहेत का? मी नाही म्हणाले. ते खरंच होतं.

त्या दिवसापासून टीचरनी फोन भरून दिलेल्या पाच मुलांतल्या बाकीच्या चौघांना फोनमधली सभ्य बाई नकोशी झाली. रविराज आणि मंथन तर थेट जयाबाईच्या दारात जाऊन उभे राहिले. तिनं अगोदर नको नको म्हटलं, मग घसा खाकरला. प्रियदर्शनी टीचरनी कागदावर आठवणी लिहून दिल्या होत्या. जयाबाईला वाचता येत नव्हतं, पण नीलमला त्या एकदा वाचून दाखवल्या की ती जयाबाईला तोंडपाठ सांगायची. पण जयाबाईला दिलेलं तेवढंच बोलायची सवय कुठली? ती आपल्या पदरची भर घालू लागली.

रविराजच्या फोनमधून संध्याकाळी येई, “रविराज, भूगोल काड. आनि आईला सांग, माजी चाळण गेल्या संक्रांतीपासून तुमच्यात हाय.” चाळण दुसऱ्या दिवशी परत आली. मंथनचे वडील गुंडू संध्याकाळपासून टीव्हीसमोर असत. मंथनचा फोन वाजला, “मंथन, बस अभ्यासाला. गुंडू, टीवी बंद कर.” गुंडूनं टीव्ही बंद केला, इकडं तिकडं बघितलं, खिडकीतून गल्लीत बघितलं, आणि मग बायकोला विचारलं की ही कुठं उभी आहे? तिसऱ्या एका घरात सासू-सुनेचं भांडण रोज सात वाजता जोर धरायचं. तिथं नातवाच्या फोनमध्ये तिनं सातची वेळ मुद्दाम धरली. काय सांगितलं ते मला कळलं नाही, पण त्या घरातून आता सातला आवाज येत नाही.

प्रियदर्शनी टीचरनी तिला प्रेमानं झापलं. जयाबाईनं कान धरले आणि पुढच्याच आठवणीत मला गोवलं. पहाटे माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आलं, “नीले, ऊठ. टीचर उटल्या बग, कुकर लावला.” मी उठले नव्हते. उठले आणि कुकर लावला.

एवढी थट्टा चालली होती तरी काम होत होतं, हे मला कबूल करायला हवं. विषयांचे रंग दाखवायला टीचरनी कागदाच्या चिकटपट्ट्या आणल्या होत्या. जयाबाई म्हणाली, या उद्या पडतील. मग साडीच्या उरलेल्या सुतातून तिनं प्रत्येक पुस्तक, वही आणि फायलीला दोरा बांधून दिला. गणित लाल, विज्ञान हिरवा, कानडी पिवळा, असे. रात्रीच्या वेळापत्रकात ज्या रंगाची चित्रं, तेवढे दोरे दप्तरात हवेत. नीलमला अक्षर वाचायला वेळ लागे, पण रंगाला ती मागावरच्या माणसांसारखी पक्की होती. दोरे मोजायचीसुद्धा नाही, नजर टाकली की काय नाही ते सांगायची.

अभ्यासाच्या वेळेचं तर भांडणच झालं. टीचर म्हणाल्या, एका बैठकीत थोडा वेळ अभ्यास, मग ऊठ, पाणी पी, पुन्हा बस. फोनमध्ये मिनिटं लावू. जयाबाईच्या घरात मिनिटं चालत नाहीत, कांडी चालते. धोट्यातली सुताची कांडी संपली की माग थांबतो, बाई उठते, नवी कांडी घालते, माग पुन्हा सुरू. दिवसभर हेच. “एक कांडी वाच, मग ऊट,” असं तिनं ठरवलं. शिवाय तिनं एक गोष्ट ध्यानात आणून दिली. नीलमला शांततेत अभ्यास होतच नाही, शांत झालं की ती मान वर करून बघते, काय बंद पडलं म्हणून. मग नीलमनंच फोनमध्ये मागाची खटखट भरून घेतली, एका कांडीएवढी. खटखट चालू तोवर अभ्यास, थांबली की उठायचं. फोन धडा वाचून दाखवायचा, पाठीमागं माग चालायचा आणि दाराशी जयाबाई धड्यावर देखरेख करायची. प्रकाशाचं परावर्तन फोननं भरभर सांगितलं तेव्हा तिनं त्याला दम दिला, हळू सांग, गाडी चुकतीया काय तुजी?

दिवाळी आली आणि गेली. नीलमचं दप्तर रोज बरोबर येऊ लागलं. थापा मात्र सुटल्या नव्हत्या. क्वचित काही राहिलंच तर अजूनही आजोबा निबंधावर बसत. एकदा मी तिला म्हटलं, अगं राहिलं तर राहिलं म्हण की. ते काही तिच्यानं होईना. अशा मुलांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट पक्की शिकवली जाते, आपली चूक कुणाला दिसता कामा नये, आणि ती आम्हीच शिकवतो. मला त्याचं फार वाईट वाटतं आणि संताप येतो, पण थापा ऐकून हसूही येतं, त्याला मी काय करू?

मग शेवटचा आठवडा लागला, ज्यात सर कधीही दप्तर बघणार होते. आणि त्या आठवड्यात अमावास्या होती.

अमावास्येला आमच्याकडे माग बंद. त्या दिवशी माग पुसायचे, धोटा, कात्री, तेलाची बुधली देवापुढं मांडायची, हळदी-कुंकू वाहायचं आणि कशाला हात लावायचा नाही. वर्षभर आपल्यासाठी राबणाऱ्या हत्यारांना महिन्यातून एक दिवस विसावा. आता फोनही घरात राबतच होता. पहाटेपासून बोलतो, धडे वाचतो, पोरीचं दप्तर सांभाळतो. जयाबाईनं त्याला बंद केला, पुसला, कुंकवाचं बोट लावलं आणि धोट्याशेजारी देवापुढं ठेवून दिला. दिवाळीच्या अमावास्येलाही तिनं हेच केलं होतं, पण तेव्हा शाळेला सुट्टी असल्यानं कुणाला पत्ता लागला नव्हता.

नीलमनं रडून भेकून बघितलं. जयाबाई बधली नाही. माणूस थकतो, माग थकतो, त्याला काय जीव न्हाय? यमनाप्पा सूत आणायला आपला फोन घेऊन खडेबाजारात गेलेले. पोरगी तशीच शाळेत आली आणि प्रार्थनेच्या रांगेत माझ्याजवळ येऊन पुटपुटली, “टीचर, आत्यानं फोनला सुट्टी दिली.” मी काही बोलणार तेवढ्यात परशराम सर पुढं आले आणि त्यांनी जाहीर केलं की आज मधल्या सुट्टीनंतर दहावीची दप्तरं आणि विज्ञानाच्या फायली बघितल्या जातील.

मला जयाबाईचा इतका राग आला की ती समोर असती तर तिच्याच आवाजात मी तिला बोलले असते. एवढे दिवस सगळ्या गल्लीचा जीव काढला, आणि ज्या दिवसासाठी काढला त्याच दिवशी ही बाई फोनची पूजा करून बसली. नीलमकडे बघायचं मला धाडस होईना. तास संपत गेले. मधली सुट्टी झाली, मी स्टाफरूममध्ये डबा उघडला आणि पहिला घास तोंडात घातला.

तेवढ्यात जयाबाई ओरडली.

माझ्या हातातली भाकरी डब्यात पडली. आवाज तोच, तशीच पोटातून आलेली हाक, पण ती वरून आली होती. मी धावत बाहेर आले. वरच्या मजल्याच्या गॅलरीत नीलम उभी होती. तिनं ओढणी कमरेला खोचली होती, घराच्या दिशेला तोंड केलं होतं आणि दोन्ही हात तोंडाशी धरले होते.

“आत्याऽऽ! विज्ञानाची फाइल इसरली! हिरव्या दोऱ्याची! मागाच्या फळीवर हाय!”

तिनं दप्तर उघडून नजर टाकली होती आणि हिरवा दोरा दिसला नव्हता, एवढंच झालं होतं. एरवी तिनं एखादी सुंदर थाप रचली असती. फाटक सुट्टीत बंद असतं, दहावीच्या मुलांना बाहेर सोडत नाहीत, मग राहिलं काय? हाक. आणि आमची शाळा त्यांच्या घरापासून काही गल्ल्यांवर. इतर कुठल्याही दिवशी ती हाक पहिल्याच मागाच्या खटखटीत मेली असती. पण अमावास्या होती. आख्खं वडगाव गप्प होतं.

पहिल्या गच्चीवर गुंडूची बायको कपडे वाळत घालत होती, तिनं पुढच्या गच्चीला सांगितलं. ती बाई पुढं ओरडली. आम्ही फाटकाशी उभे राहून ऐकत होतो, ‘हिरव्या दोऱ्याची, हिरव्या दोऱ्याची’ करत नीलमची चूक एकेक गच्ची ओलांडत तिच्या घराकडे चालली होती. शाळेतली सगळी मुलं गोळा झाली. परशराम सरही आले. नीलम गॅलरीतून खाली आली, लाल झाली होती, पण कुणापुढं मान खाली घालत नव्हती.

जयाबाई धावत आली. एका हातात फाइल, पदरात गुंडाळलेली, आणि दुसऱ्या हातात कुंकू लावलेला फोन. तो तिनं चालू करून आणला होता. सुट्टी मोडली होती. फाटकाच्या गजांतून तिनं दोन्ही आत दिलं. नीलमनं फाइल घेतली आणि फोन परत केला. म्हणाली, राहू दे, आज त्याला झोपू दे.

परशराम सर पुढं झाले. ठरलं होतं ते त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं: सगळं हिनं स्वतः आणायचं होतं, कुणी आणून द्यायचं नव्हतं. नियम म्हणजे नियम. नीलमचा चेहरा उतरला. जयाबाईनं तोंड उघडलं, मी देवाचं नाव घेतलं. पण ती बोलण्याआधीच फाटकाशी स्कूटर येऊन थांबली आणि तिच्यावरून मष्णू उतरला.

“सर, चष्मा,” तो म्हणाला. “तुमच्या देवघरात हुता. बाईसायबांनी सांगितलंय, रोज रोज द्यायला जमनार न्हाय.”

कुणी हसलं नाही. शंभर-दीडशे मुलं होती आणि कुणीही हसलं नाही, हे त्या दिवसाचं सगळ्यात मोठं आश्चर्य. मी ओठ दाताखाली धरला होता. सरांनी चष्मा घेतला, रुमालानं पुसला, डोळ्यांवर चढवला. मग नीलमच्या हातातून फाइल घेतली आणि तिथंच उभं राहून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत बघितली. आकृत्या बघितल्या, खुणा बघितल्या, हिरवा दोरासुद्धा ओढून बघितला. मग फाइल मिटली.

“मुलं विसरली की माझ्यासमोर गोष्टी सांगतात,” ते म्हणाले. “ही विसरली ते सगळ्या वडगावाला सांगून मोकळी झाली. मनिषा टीचर, हिचं नाव आजच पाठवा.”

एवढं बोलून ते केबिनकडं चालू लागले, आणि मग मुलं हसली. नीलम हसली नाही. ती फाइल छातीशी धरून उभी राहिली आणि रडली, मोठ्यानं, आपल्या घराण्याला शोभेल असं. रविराज आणि मंथन तिला समजवायला गेले आणि तिच्या आवाजानं मागं सरकले.

मी नाव पाठवलं. तपासून, दोनदा वाचून, मग पाठवलं.

बाहेर आले तर जयाबाई फाटकाजवळच्या दगडावर बसली होती. धाप लागलेली, पायात चप्पल नाही, मांडीवर फोन. तिला चांगलं सुनावायचं म्हणून मी गेले होते. फोनला कसली सुट्टी, पोरीचं वर्ष गेलं असतं तर काय केलं असतंस, असं सगळं मनात तयार होतं. तिनं मला बघितलं आणि डोळे पदरानं पुसले.

“टीचर,” ती म्हणाली, “आजपातूर मीच तिला हाका मारत आलते. तिला काय लागलं, काय राह्यलं, ती कदी कुनाला सांगत नव्हती. आज तिनं मला हाक मारली.”

मी तिच्या शेजारी दगडावर बसले. सुनावायचं ते राहूनच गेलं.